बी कडू निघालं

वाळूक हातात आलं की मी आजही आधी त्याचं देठ कापते, जिभेला लावते आणि मगच फोडी करते. गुलबर्ग्याच्या बाजारात आता वाळूक फारसं मिळत नाही. मिळालंच तर भाजीवाली म्हणते, "घ्या बाई, काकडीच हाय की ती." काकडी कुठली! पिवळट अंगावर हिरव्या रेघा, पिकलं की सगळं घर घमघमतं, आणि मिठाबरोबर खाल्लं की दुपारची भूक भागते. ज्यांनी जोंधळ्याच्या रानात बांधावर बसून वाळूक फोडलं नाही, त्यांना मी हे कसं समजावून सांगू? मी सांगतही नाही. पण एका वाळकानं आमच्या घरात जवळजवळ वर्षभर काय गोंधळ घातला, ते मात्र सांगावंसं वाटतं.

तेव्हा आमचा मुलूख मैसूर राज्यात होता. आमचं गाव खाली, नदीकाठी, काळ्या रानात. तिथून बैलगाडीनं चढ चढून गेलं की वर माळ लागायचा. लाल दगडाचा, उघडा आणि वाऱ्याचा. त्या माळावर अक्काचं सासर. अंतर फार नव्हतं, पण आम्ही "वर" आणि "खाली" असं म्हणायचो ते दोन मुलूख असल्यासारखं. खालची माणसं मऊ बोलतात आणि वरची फटकळ, असा आमचा पक्का समज. वरच्यांचा समज बरोबर उलटा होता, म्हणजे ते खरं बोलतात आणि आम्ही गुळमुळीत. दोघांची गाठ पडायची ती चिटगुप्पाच्या बाजारात.

अक्का माझ्याहून मोठी. लग्नात तिची ओटी भरताना आईनं नारळ-तांदळाबरोबर वाळकाच्या बियांची एक पुरचुंडी तिच्या पदरात टाकली. अक्काला वाळूक इतकं आवडायचं की ती जेवण सोडून तेच खायची. मी चिडवायचे, "नवरा न्हाई मिळाला तरी चालंल, हिला वाळूक पायजे." नवरा मिळाला तो गुलबर्ग्याच्या डाळ मिलमध्ये कामाला होता आणि सणावारालाच घरी यायचा. त्यामुळे वर घरात माणसं दोनच असायची, अक्का आणि तिची सासू. सासूबाई उंच, काळ्या, आवाजाच्या खणखणीत. विधवा बाईनं एकटीनं दगडाळ रान पिकवून मुलगा वाढवलेला. त्यांना हो ला हो करणं ठाऊक नव्हतं.

त्यांनी आईचं बी स्वतःच्या हातानं जोंधळ्यात टोकलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली. खाली आमच्या काळ्या रानात ओल टिकून राहिली, वरचा लाल माळ मात्र भाद्रपदातच तापायला लागला. वेल वीतभर वाढून थांबले. पानं जाड आणि खरखरीत झाली. वाळकं लागली ती मुठीएवढी, आणि कडू. नुसती कडू नव्हेत, जहर कडू. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आम्हाला आधी कळलं ते वेगळंच.

बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारे एक चाचा होते. वर-खाली सगळीकडं त्यांची ये-जा, आणि निरोप्याचं कामही तेच करायचे. माणूस भला. हातात बांगडी भरताना कधी कुणाला ओरखडा काढला नाही. मराठी त्यांना समजायची, बोलायचे मात्र दखनी. अक्काच्या सासूनं त्यांना बांगड्या भरता भरता सांगितलं, "खाली जायलाव तर आमच्या विहिणीला सांगा, ते वाळकाचं बी कडू निघालं म्हणावं." चाचांनी निरोप नीट लक्षात ठेवला. फक्त वाटेत वाळूक गळालं.

बाजाराच्या दिवशी अप्पा चहाच्या हॉटेलात चार माणसांत बसले होते. चाचा समोरून हसत हसत आले आणि मोठ्यानं म्हणाले, "अप्पाजी, तुमारी समधन बोली. तुमारा बीज कडवा निकला बोलके बोली."

आता हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडं कडू ही नुसती चव नव्हे. ज्या घराच्या रक्तात खोट आहे, कुणीतरी कधीतरी लग्नाच्या बाहेर जन्मलेलं आहे, त्या घराला लोक "कडू" म्हणतात. सोयरीक जुळवताना हा एकच शब्द कुणी हळूच कानात टाकला तरी लग्न मोडतं. आणि इथं तर खुद्द विहिणीनं, चार माणसांत, बांगडीवाल्याच्या तोंडून सांगितलं होतं की तुमचं बी कडू निघालं. अप्पांच्या हातातली कपबशी तशीच खाली ठेवली गेली. हॉटेलातल्या माणसांनी माना खाली घातल्या. कुणी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन अप्पा इतके ओरडले की शेजारचं कुत्रं उठून गेलं. "माझ्या पोरीला कडू म्हणती? माझ्या घरात खाऊन गेली ती बाई!" आई पदरानं डोळे पुसत होती. मी म्हणाले, "अप्पा, तुमी आधी इचारा तरी. कामून म्हणल्या, काय म्हणल्या." माझं ऐकून नव्हे, पण अप्पांनी पुढच्या बाजाराला चाचांकडूनच उलट निरोप धाडला. तो शब्द स्वतःच्या तोंडात घ्यायला त्यांना लाज वाटली. म्हणून निरोप एवढाच दिला, "इचार त्यास्नी, जे बोलल्या ते खरं हाय का?"

वरून उत्तर आलं. "खरं न्हाई तर काय? कडू ते कडूच. आख्ख्या गावानं चाखलंय."

मला आज हसू येतं. बिचाऱ्या सासूबाई आपल्या वाळकावर बोलत होत्या. दिलेलं बी खराब निघालं असं नुसतं कळवलं, तर व्याही उलट जाब विचारतात काय, म्हणून त्याही वर धुमसत होत्या. एकाच शब्दावर दोन भांडणं चालली होती, आणि दोघांनाही दुसऱ्याचं भांडण ठाऊक नव्हतं. त्या वेळी मात्र हसायला कुणाची छाती नव्हती. अप्पांनी जाहीर करून टाकलं, त्या बाईनं शब्द माघारी घेतल्याशिवाय आपण त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही.

आणि मग कळलं की अक्काला दिवस गेलेत.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही आमच्याकडं लिहून ठेवलेलं नाही, पण त्यापेक्षा पक्कं आहे. बापानं किंवा भावानं जाऊन लेकीला आणायचं. आम्हाला भाऊ नाही. म्हणजे अप्पांनीच जायला पाहिजे होतं, आणि अप्पा जात नव्हते. न्यायला कुणी आलंच नाही तर वर लोक काय म्हणतील? म्हणतील, बापानंच टाकलं, म्हणजे कडू असणारच. हे आईला कळत होतं, मला कळत होतं, अप्पांनाही कळत होतंच. पण कळणं आणि बैल जुंपणं यांत फार अंतर असतं. मला अप्पांचा राग यायचा आणि दया पण यायची. ते अक्काची जुनी चोळी दोरीवर दिसली तरी तोंड फिरवायचे.

संक्रांतीच्या बाजाराला आई आणि मी चिटगुप्पाला गेलो होतो. तिळाच्या ढिगाजवळ अचानक सासूबाई समोर आल्या. दोघी विहिणी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता झिंज्या धरणार. सासूबाईंनी पिशवीतून फडक्याची एक गाठोडी काढली आणि आईच्या हातात आदळली.

"घ्या हे तुमचं बी. धून, वाळवून आणलंय. दिलेलं ठून घ्यायची सवय न्हाई मला. पोरगीला वाळकाचे डोहाळे लागल्यात, आन् रानात हे असलं इख. गुरांनी तोंड लावलं न्हाई. काय चारू मी तिला?"

आई गाठोडीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वाळकाचं बी व्हय?"

"मंग कशाचं?"

आई भर बाजारात तिळाच्या पोत्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. सासूबाई घाबरल्या. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचं तोंड असं झालं की ते कडू वाळूक पुन्हा खाल्लं असावं. म्हणाल्या, "आई गं! मी माझ्या सुनंला असं म्हणीन? सोन्यासारखी पोर हाय." मग लगेच आवाज चढवून, "तुमच्या मालकाला कान हायत का न्हाईत?"

आम्ही नाचत घरी आलो. वाटलं, संपलं. अप्पांनी ऐकून घेतलं, गाठोडी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, "म्हंजी वाळकाचं बी कडू, व्हय? ते पण खोटंच हाय. माझ्या रानाचं बी कधी कडू निघालं न्हाई."

"अवं, निघू द्या कडू! पोरीला आणा," आई म्हणाली.

"चार माणसांत ऐकलंय मी. चार माणसांतच गोड करून दावतो. मोकळ्या हातानं जायचं न्हाई मला."

त्यांचंही खरं होतं. हॉटेलातल्या माणसांना आता वाळकाची गोष्ट सांगितली असती तर लोक म्हणाले असते, सारवासारव करतोय. पण मला वाटतं खरं कारण दुसरं होतं. इतके महिने रागावून बसल्यावर, राग चुकीचा होता म्हणून उठून जायला त्यांना अवघड जात होतं. हातात काहीतरी पाहिजे होतं. आमच्या अप्पांचा हा स्वभावच. ते माफी मागायला निघाले तरी वाटेत बाजार करून जायचे.

नदीचं पाणी कमी झालं की वाळूत खड्डे करून, शेणखत घालून वेल लावायची आमच्याकडं रीत होती. अप्पांनी त्या गाठोडीतलं बी तिथं लावलं. त्याच कडू फळांचं बी. रोज स्वतः घागरीनं पाणी घालायचे आणि पानाखाली वाकून बघायचे. आई रोज म्हणायची, "आधी पोरीला आणा, वाळूक मागनं बघू." ते म्हणायचे, "आता फूल आलंय." मग म्हणायचे, "आता फळ धरलंय." तिकडं अक्काचे दिवस भरत चालले होते. सातवा महिना गेला. ओटीभरण वर सासूबाईंनीच केलं. माहेरचं कुणी नव्हतं. मी निघाले होते, तर अप्पा म्हणाले, सगळे मिळून जाऊ, थोडं थांब.

चैत्रात वाळकं पिकली. अप्पांनी पहिलं फळ तोडलं, देठाकडची फोड स्वतःच्या तोंडात घातली आणि डोळे मिटले. गोड. देठापासून शेंड्यापर्यंत गोड. त्यांनी पाटी भरून थेट हॉटेल गाठलं. प्रत्येकाला फोड दिली, बांगडीवाल्या चाचांना तर दोन. चाचा म्हणाले, "अरे वा, ये तो शक्कर है!" अप्पा म्हणाले, "सांगत सुटा आता गावोगाव." त्या दिवशीचे अप्पा मला फार आवडतात. छाती पुढं काढून, मिशीला बी चिकटलेलं, सगळ्यांना वाळूक वाटणारे अप्पा.

पुढं मी गुलबर्ग्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. तिथं एकदा आमच्या बाईंनी हेच शिकवलं. झाडाला पळून जाता येत नाही. ओल असली, माती खोल असली की ते पानामागं पान काढत राहतं, चार कुणी खाल्ली तरी त्याला फिकीर नसते. पण उंच उघड्यावर, पातळ मातीत, पाणी तुटलं की एकेक पान महाग होतं. गेलेलं पान पुन्हा करणं परवडत नाही. मग झाड वाढायचं सोडून असलेलं राखायला लागतं, आणि आपल्या अंगात कडू, उग्र, जळजळीत काय काय तयार करतं. त्याच बियाचं झाड खाली एक असतं आणि वर दुसरं. वर्गात सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला वरचा माळ दिसत होता. तिथली तुळस नुसती पदर लागला तरी वास सोडायची, तिथला कढीपत्ता फोडणीत पडला की शेजारीण विचारायची काय केलंय, तिथली मिरची खाऊन खालचा माणूस अर्धा तांब्या पाणी प्यायचा. आणि मला सासूबाई आठवत होत्या. मी त्यांना झाड म्हणत नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं. पण विहिरीचं पाणी लांबून आणणाऱ्या बाईची जीभ आणि दारातून नदी वाहणाऱ्या बाईची जीभ सारखी असावी, अशी अपेक्षा मी त्या दिवसापासून सोडून दिली.

तर आम्ही गाडी जुंपली. आई, अप्पा, मी आणि वाळकांची पाटी. अप्पांनी नवा पटका बांधला होता. चढ लागल्यावर मी खाली उतरून चालायला लागले. चैत्राचं ऊन, लाल मातीचा फुफाटा, आणि कडेच्या झुडपांचा तो कडवट वास. तो वास मला अजून कुठंही ओळखू येईल. आई वाटभर बोलत होती. अक्काला कुठं झोपवायचं, बाळंतविडा कुठं ठेवलाय, डिंक कुणाकडून आणायचा.

सासूबाई दारातच होत्या. अप्पांनी पाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली, एक वाळूक फोडलं आणि फोड पुढं केली. "खावा. तुमीच दिलेलं बी हाय."

त्यांनी चावलं. "गोड हाय," त्या म्हणाल्या. खरं बोलायची सवय तिथंही सुटली नाही. "मंग आमच्या रानाला काय झाल्तं?"

"रानाचं न्हाई, पावसाचं," अप्पा उदारपणे म्हणाले. सगळे हसले. आई सासूबाईंच्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता कसं सगळं जागच्या जागी बसलं.

अक्का आतून आली. चौकटीला धरून उभी राहिली. पोट मोठं, हात काडीसारखे, तोंडावर वांग आलेले. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. अप्पांनी तिच्यासाठी मधली, सगळ्यात गोड फोड काढून ठेवली होती. ती त्यांनी तिच्यापुढं धरली. "खा, पोरी. तुला न्यायला आलोय."

अक्कानं फोड घेतली नाही. सावकाश म्हणाली, "हितं आत्याबाईंनी ते कडूच वाळूक देठ कापून, घासून घासून, फेस काढून काढून मला चारलंय. हाताची सालं गेली त्यांची. का, तर मला खावंसं वाटतंय." मग तिनं अप्पांकडं बघितलं. "अप्पा, आज वाळूक गोड निघालं म्हणून तुमी आलाव. कडूच निघालं असतं तर?"

सासूबाईच पुढं होऊन म्हणाल्या, "अगं, बाप हाय तुझा. असं बोलायचं असतंय का?" पण अक्का उत्तराची वाट बघत उभीच होती. मी अप्पांकडं बघायला धजले नाही. ते काहीतरी मोठं, रागाचं बोलतील असं वाटलं. त्यांनी फोड पाटीत ठेवली.

"तर आलो नसतो, पोरी," अप्पा म्हणाले.

"मंग मी हितंच बरी हाय."

मला अक्काचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. अप्पा बाहेर गेले. आम्हाला वाटलं गाडीत जाऊन बसले असतील, आता हाक मारतील, चला म्हणून. बराच वेळ हाक आली नाही. मी दारात जाऊन बघितलं तर ते बैल सोडून लिंबाला बांधत होते. पटका काढून गाडीच्या दांडीवर टाकला होता.

लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, ही आमच्याकडची रीत. अप्पांनी ती कधी मोडली नव्हती. भर उन्हाळ्यात येऊनही ते कोरड्या घशानं परत गेले होते. ते ओसरीवर आले आणि खांबाला टेकून बसले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "ती मोकळी होईस्तवर मी हितंच ऱ्हातो. रानात काय काम असलं तर सांगा. आन् जरा पाणी द्या."

सासूबाईंनी तांब्या भरून आणला. अप्पा तो सगळा प्यायले.